जेबेल जैसवर शेवटून चालणारा

अमिरातीतल्या सगळ्यात उंच डोंगरावर, जेबेल जैसवर, बर्फ पडल्याचा व्हिडिओ ट्रेकच्या ग्रुपवर आला तेव्हा तो मनालीचा असणार, असं म्हणून मी मोकळी झाले. माझा कशावरच पटकन विश्वास बसत नाही. भाजीवाला "ताजी आहे" म्हणाला की मी जुडी उलटी करून बघते. पण सकाळी घाटरस्ता पुन्हा खुला झाला, आम्ही शारजाहून गाड्या काढल्या आणि वर पोचलो, तर सावलीतल्या कपारी खरोखरच पांढऱ्या झाल्या होत्या.

ढीगबीग नव्हते, दगडांवर जाडं मीठ भुरभुरल्यासारखा थर होता. त्यातही लबाडी होती. पांढरं दिसे तिथे बूट नीट टिकायचा, आणि नुसता ओला दगड दिसे तिथे नेमका गोठलेला बर्फ असायचा. उन्हातली वाट कोरडी, वळण घेतलं की घसरगुंडी. आमची मंडळी सह्याद्रीत भर पावसात गड चढलेली, त्यामुळे तोरा भरपूर. पहिला गडी दाणकन बसला तशी सगळी पाऊल जपून टाकू लागली.

माझं लक्ष मात्र नवऱ्यावर होतं. तो नोकरीसाठी आठवडाभर अबुधाबीत राहतो, सुट्टीला घरी येतो. आमच्या ट्रेकमध्ये रीत अशी, की सगळ्यात अनुभवी माणसाने शेवटी चालायचं, म्हणजे मागे कुणी राहत नाही. इतकी वर्षं हट्टाने पुढे धावणाऱ्या नवऱ्याने या थंडीत ती शेवटची जागा स्वतःहून मागून घेतली होती. ग्रुपमध्ये त्याच्या जबाबदारपणाचं कौतुक चाललं होतं. मला मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं. मागे राहून कुणाशी फोनवर बोलतो का, हेही मनात येऊन गेलं. नको ते सगळं आलं. "फोटो काढत होतो," असं तो दरवेळी सांगायचा, आणि ग्रुपवर त्याचा एकही फोटो यायचा नाही.

एका वळणावर मी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून थांबले. सगळे पुढे गेले. तो येईना. मग कातळाला धरत, पाऊल चाचपत मी मागे उतरले.

तो एका कोरड्या दगडावर बसला होता. हात छातीवर, तोंड उघडं, आणि त्या गारठ्यात कपाळावर घाम.

"फोटो काढत होतो," तो म्हणाला. त्याचा फोन आज माझ्याच सॅकमध्ये होता.

तुझा पाय मुरगळलाय असं सगळ्यांना सांग आणि आपण हळूहळू उतरू, असं त्याचं म्हणणं. मी त्याचं काही न ऐकता लीडरला फोन लावला आणि जे दिसत होतं ते सांगितलं. लीडर आणि आणखी एकजण धावत खाली आले. उतरताना बर्फ चढणीपेक्षा वाईट. टाच रोवून, दगड तपासत, बसत बसत आम्ही आलो. नवख्यांना मध्ये घेतात तसं त्याला मध्ये घेतलं होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून होतंय असं? आजच, म्हणाला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, दिवाळीपासून.

हृदयाची नळी अडली होती, ती उघडली, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी त्याला बरं वाटतंय म्हटल्यावर माझा सगळा राग वर आला. मला का नाही सांगितलंस, एवढंच विचारलं.

"तू ट्रेक बंद केले असतेस. आठवड्यात तेवढंच तर एकत्र चालणं होतं आपलं."

"एकत्र कसलं? मी पुढे, तू सगळ्यांच्या मागे."

"मागून तू दिसायचीस ना," तो म्हणाला.