रविवारच्या दोन फेऱ्या

त्या रविवारी सकाळी उठलो तेव्हा फोनवर मारिसोलचे चार मिस्ड कॉल होते. रविवारी फोन सायलेंटवर टाकून झोपायची माझी जुनी सवय. उलट फोन लावला, तर आधी नुसतं धापा टाकणं ऐकू आलं. मग मोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, "मी आत्ता पोचले. वीस मिनिटं उशीर झाला. दोन्या नलिनी गेली." दोन्या म्हणजे स्पॅनिशमध्ये बाई; नलिनीताईंना ती तसंच म्हणायची. लवकर या, असा हॉस्पिसमधून, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या इस्पितळातून, तिला फोन आला होता. आमच्या मिल्टन कीन्स शहरात तिच्या भागातून रविवारी इतक्या सकाळी बस नाही, मागवलेली टॅक्सी आली नाही, म्हणून ती रेडवेच्या लाल पायवाटेने सव्वा तास चालत गेली. माझ्या घरापासून हॉस्पिस गाडीने दहा मिनिटांवर आहे. नलिनीताईंचा मुलगा एडिनबराहून निघाला होता, तोही वाटेतच. आयुष्यभर परक्यांच्या उशाशी बसलेली ही बाई गेली तेव्हा ड्युटीवरच्या नर्सशिवाय जवळ कोणी नव्हतं... याला आता सहा आठवडे झाले.

ताई मूळच्या नागपूरच्या. इथल्या हॉस्पिटलांत नर्स म्हणून हयात घालवली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या रविवारच्या जेवणाच्या कामात पडल्या. आम्ही चौदा एप्रिलची जयंती साजरी करणारी चार घरं मिळून कम्युनिटी सेंटरमध्ये एकट्या म्हाताऱ्यांना जेवू घालतो. मी त्याचा सेक्रेटरी. माणसं कमी पडू लागली, तेव्हा ताईंना आमच्याच शहरात राहणाऱ्या कोलंबिया-बोलिव्हियाच्या बाया आठवल्या. स्पेनमार्गे इथे आलेल्या, पहाटे उठून ऑफिसं आणि वेअरहाऊस साफ करणाऱ्या. मी लगेच कॉम्प्युटरवरून स्पॅनिश पोस्टर काढून लाँड्रेटमध्ये, त्या बाया कपडे धुवायला जातात तिथे, चिकटवलं. चिटपाखरू फिरकलं नाही. ताई म्हणाल्या, "अरे, डोन्ट बी सिली. लग्नाचं आमंत्रण भिंतीवर लावतात का?" मग त्या स्वतः मारिसोलच्या घरी गेल्या, तिच्या हातची मक्याची जाड भाकरी खाल्ली, आणि नंतर विचारलं, की पन्नास माणसांचं जेवण तुला जमेल का? मारिसोल रडायलाच लागली. इतक्या वर्षांत तुला काय हवंय, असं सगळ्यांनी विचारलं होतं. तुला काय येतं, हे कोणी विचारलं नव्हतं. मला हे सांगताना ताईंचा आवाज बदलला होता. "घ्यायला सगळे बोलावतात रे, द्यायला कोणी बोलावत नाही. मला माहितीये ते काय असतं."

मारिसोलपाठोपाठ आणखी सहा जणी आल्या. आणि मी त्यांच्यापुढे तीन पानी फॉर्म ठेवला. पाच वर्षांचे पत्ते, पासपोर्ट नंबर, ओळखीची दोन माणसं... सगळ्यांचे कागद चोख होते. पण ज्यांचं निम्मं आयुष्य खिडकीपलीकडे बसलेल्या साहेबाला उत्तरं देण्यात गेलं, त्यांना मीही तसलाच एक साहेब दिसलो असणार. पुढच्या रविवारी एकटी मारिसोल आली.

ताई चिडल्या, पण भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "फॉर्मचं मी बघते. एकेकीच्या घरी बसून भरते. बसचा पत्ता नसतो, त्यांना आणायला तू फक्त रविवारी सकाळी दोन फेऱ्या मार. तुझी गाडी सात सीटची आहे."

"ताई, इन्शुरन्समध्ये बसतं का बघतो. कमिटीपुढे ठेवतो."

बघितलं नाही आणि ठेवलंही नाही. खरं सांगायचं तर मला रविवारची झोप मोडायची नव्हती. ताईंनी सगळ्या जणींना परत आणलं आणि आपल्या छोट्या गाडीतून त्याच फेऱ्या मारत राहिल्या. कॅन्सर निघाला, केमो सुरू झाली, तरीही. एका रविवारी राउंडअबाउटवर कोणत्या रस्त्याला बाहेर पडायचं तेच त्यांना सुचेना. तीन वेळा गोल फिरून त्यांनी गाडी गवतावर चढवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. शेजारी मारिसोल होती. त्यानंतर त्यांचं गाडी चालवणं सुटलं, आणि तीन महिन्यांत त्याही गेल्या.

क्रिमेटोरियममध्ये वंदना झाली, तेव्हा त्या सातही जणी मागच्या रांगेत उभ्या होत्या. नंतरचं जेवण त्यांनीच केलं होतं. निघताना ताईंच्या मुलाने एक वही हातात दिली. "काका, आईचे व्हॉलंटियरचे नंबर आहेत, तुम्हाला लागतील."

आता रविवारी आठ वाजता मी मारिसोलच्या दाराशी गाडी उभी करतो. ती पुढे बसते. फोन का उचलला नाहीस, असं तिने अजून विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वही गाडीतच असते. त्यात प्रत्येक नावापुढे त्या माणसाला काय येतं ते ताईंनी लिहिलं आहे. मारिसोल, पन्नास माणसांचं जेवण. एलेना, केस कापते, म्हाताऱ्यांशी हळू बोलते. शेवटच्या पानावरचं अक्षर थरथरलेलं, म्हणजे आजारपणातलं. तिथे माझं नाव आहे. "सुधीर. सात सीटची गाडी. पुन्हा विचारून बघावं."

पुन्हा विचारायला त्यांना वेळ मिळाला नाही.