उजवी पाकळी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकींपाशी नाही. नातवंडांना भुताच्या गोष्टी सांगितल्या, चावटही सांगितल्या — ही नाही.

औशाजवळच्या आमच्या गावी सून होऊन आले, तेव्हा मी लई गुणाची होते म्हणे. गुणाची! देवळापुढचा नंदी बरा, त्याला शिंगं तरी असतात. माहेरी लहानपणी एकदा म्हणाले होते, आज मला पूजा करायची न्हाई. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मारलं नाही. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसेपर्यंत मला घास मिळाला नाही, घरात कुणी शब्द बोललं नाही. तेव्हापासून ‘नाही’ म्हणायची वेळ आली की माझा घसा सुकायचा. त्याचा राग आजही येतो. पण थांबा — राग अण्णांवर काढला की मी सुटते. मला सुटायचं नाही.

शांता माझी नणंद. नवऱ्यानं टाकलेली, सातवी शिकलेली. लातूरचा नवा जिल्हा झाला, त्या सालच्या दुष्काळात तिकडं नर्सबाईंचं शिक्षण निघालं. शांता डोक्यावरची घागर उतरवून माझ्यापुढं बसली. “वहिनी, अप्पा तुझंच ऐकतात. तेवढं बोल की गं.”

मामंजी खरंच माझं ऐकायचे. पण ती गेली तर लांबच्या विहिरीचं पाणी मी एकटीनं ओढायचं? ‘मी बोलणार नाही, मला तू इथं हवीस’ — एवढं तोंडावर म्हणायला काय झालं होतं? ती भांडली असती, मग स्वतःच अप्पांपुढं गेली असती. मी काय म्हणाले? “महादेवाला कौल लावू.” आमच्या घरात नाही म्हणायचा हक्क एकट्या देवाला!

पिंडीवर कण्हेराच्या दोन पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लावायचा मान गुणाच्या सुनेचा. शांतानंच ओढून आणलेल्या पाण्यात मी उजवी पाकळी चांगली भिजवून चिकटवली. डावी कोरडीच टेकवली. पदर कपाळावर, डोळे मिटलेले, ओठांवर शिवाचं नाव — आणि बोटं काय चलाख! खिसेकापूंची शिकवणी घेतली असती त्या बयेनं.

डावी पडली. मामंजींनी हात जोडले. “देवाचं मन न्हाई, बाई. ऱ्हा घरी.”

शांतानं पिंडीला डोकं टेकवलं. मला म्हणाली, “बरं झालं वहिनी, इचारलंस. न्हाईतर उगंच गेले असते.”

आणि मी? तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात तोडावासा वाटतो.

पुढं माझ्या लेकींना लातूरला शिकायला धाडायचं होतं, तेव्हा मामंजींशी मीच भांडले. मोठ्यानं. घसा सुकला नाही. कौल लावला नाही. शांता दाराआड उभी राहून ऐकत होती. ती पुन्हा कधी कुणाकडं काही मागायला गेली नाही.

आता ती सत्तरीला आली. हे लिहिते आहे तेव्हा ती आत भाकरी थापतीय. “वहिनी, भाकर ऊन हाय तवर खाऊन घे,” म्हणती.

मी उठते. जेवायला बसते.