तलवारीवरचं लाल कार्ड

मला नियम शिकवू नका, असं मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात भल्याभल्या साहेबांना ऐकवलंय. पण मल्हारीकाकांपुढे माझी डाळ कधी शिजली नाही.

काका टर्बाइनवर फिटर, उजव्या हाताला तीनच बोटं. मी तिथेच प्रयोगशाळेत पाणी तपासायचे. शहाण्णव साली काकांनी रद्दीवाल्याकडून एका इंग्रजी खेळाचं पुस्तक उचललं. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं होऊन खेळायचं, आणि डाव जमला की फसला ते फाशानं ठरवायचं. पण वस्तू मंतरण्याचं प्रकरणच कुणीतरी फाडून नेलेलं! काकांनी दोनशे पानी वही आणली आणि ते प्रकरण स्वतः लिहून काढलं. वीस बाजूंचा फासा कुठून आणणार? हाउजीच्या एक ते वीस सोंगट्या पिशवीत टाकल्या, झालं काम.

साधी अंगठी एका रविवारात मंतरायची. मोठ्या हत्याराला मात्र वर्षंच्या वर्षं. तोवर त्याला मंतरणाऱ्याच्या नावाचं लाल कार्ड बांधायचं, आणि ते ज्याचं त्यानंच काढायचं. हा नियम थेट आमच्या कामातला. मशीनमध्ये हात घालणारा आधी स्विचला आपल्या नावाचं कार्ड लावतो. ते असेपर्यंत कुणी बटण दाबत नाही.

तीन वर्षं मी माझ्या लाकडी तलवारीत लोहाराकडून आग भरून घेत होते. तिला बांधलेलं कार्ड होतं गोष्टीतल्या त्या लोहाराच्या नावाचं, आणि लोहार म्हणजे काकाच. मग नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये काकांची परळीला बदली झाली. शेवटचा रविवार, राक्षस गावच्या वेशीवर, आणि गाव वाचवायला फक्त माझी तलवार. गोष्ट रंगवायच्या भरात काकांनी राक्षसाच्या पहिल्याच तडाख्यात लोहार मारून टाकला! बोलून गेले आणि स्वतःच पांढरे पडले. आता कार्ड काढणार कोण?

माझा पारा असा चढला म्हणता! तीन वर्षं पाण्यात गेली, असं मी तोंडावर सुनावलं. आमच्यातच खेळणारा क्रेनवाला मनोज म्हणाला, पुठ्ठाच तर आहे, काढून टाका. काकांनी तो तीन बोटांचा हात टेबलावर ठेवला.

"आधीच्या कारखान्यात माझं कार्ड कुणीतरी असंच काढलं होतं," ते म्हणाले.

मनोजनं मान खाली घातली. मला लाज वाटली, पण हार मानेन तर मी पल्लवी कसली! वही ओढली आणि पान न पान चाळायला लागले. सत्त्याण्णवच्या दिवाळीचं एक पान सापडलं. लोहार बहिणीच्या लग्नाला गेला होता, म्हणून शिफ्ट बदलताना करतो तशी काकांनी माझी सही घेतली होती. तलवारीचा चार्ज पल्लवीकडे. खाली परत घेतल्याची सहीच नव्हती.

"काका, चार्ज अजून माझ्याकडेच आहे. म्हणजे कार्ड मीच काढायचं."

काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. उभ्या नोकरीत ज्यांची एक सही चुकली नाही, ते इथे विसरले होते. कपाळावर हात मारून ते असे खदखदून हसले की टेबल हललं. मग एकदम गंभीर होऊन उभे राहिले. कार्ड काढण्याआधी विचारायचं असतं ते त्यांनी तीनदा विचारलं, आत कुणी आहे का. तीनदा आम्ही नाही म्हटलं. 

मी कार्ड सोडलं, पिशवीत हात घातला. राक्षस मारायला पंधराच्या वर हवं होतं. निघाले एकोणीस! मनोज खुर्चीवर चढून नाचला. अख्खी कॉलनी गॅलरीत आली, काय झालं विचारायला.

मंगळवारी काकांचं सामान टेम्पोत चढलं. वही त्यांनी माझ्या हातात दिली. शेवटच्या पानावर 'चार्ज दिला', खाली त्यांची सही. त्याखालची ओळ रिकामी.

"या वेळी परत घ्यायला मी यायचा नाही. नीट वाच, मग कर," काका म्हणाले.

टेम्पोच्या फळीवर वही टेकवून मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा, न भांडता.