तुराटीची काडी आणि माझी लॅमिनेट केलेली यादी

बहिणीने अट घातली तेव्हा मी समोरच बसले होते, त्यामुळे ती मला शब्दशः लिहून घेता आली.

"यावेळी गाडीच्या इंजिनात पाणी गेलं, तं गाडी सोमवारी विकली. मंगळवारची वाट नाही पाहणार मी."

हे ती नवऱ्याला म्हणाली, पण बोट माझ्याकडे होते. "आन् तुह्या यादीच्या भरवशावर सोडून राह्यली मी ह्यायले. समजलं काय वं?"

समजले. माझे भाऊजी गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला लागतात, भाऊजी चिखलाला लागले. डांबरी रस्ता संपला की त्यांचा चेहरा उजळतो. त्यांच्याकडे उंच चाकांची मोटारसायकल आहे, माझ्याकडे त्याहून हलकी. पावसाळ्यात रविवारी आम्ही दोघे शेतांच्या आणि जंगलाच्या वाटांनी भटकतो. गेल्या वर्षी कळंबच्या पुढे एका नाल्यात त्यांनी गाडी सीटपर्यंत बुडवली. "वाहतं पाणी खोल नसते," हा सिद्धान्त त्यांनी नाल्यात शिरण्यापूर्वी मांडला होता. लोहारा गावच्या मिस्त्रीने गाडी उघडली तेव्हा एअर फिल्टरमधून बोटाएवढी मासोळी निघाली. बहिणीने ती पाहिली. अट तेव्हापासूनची.

म्हणून यादी. दोन्ही बाजूंनी छापलेली, लॅमिनेट केलेली, पुसता येणाऱ्या पेनाने टिक करायची. घरात किराण्याची, लग्नाला जाण्याची, गॅस संपण्याआधीची अशा माझ्या याद्या आहेतच; ही त्यांच्यात सर्वांत मोठी. शेवटचा रकाना बहिणीने स्वतः घालायला लावला होता: नदीवरून गाडीचा फोटो पाठवणे.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी पुसदच्या बाजूला, नदीपलीकडच्या जंगलवाटेने जायचे ठरले. शनिवारी संध्याकाळी मी कामाला लागले. फोनमध्ये हवामानाची तीन ॲप आहेत. पहिल्याने लख्ख ऊन दाखवले. दुसऱ्याने पाऊस. तिसऱ्याने ढगाआडून डोकावणारा सूर्य आणि खाली चार थेंब काढले, म्हणजे काहीही झाले तरी त्याचेच खरे. मी तिघांची सरासरी काढून "ढगाळ" लिहिले आणि टिक केली.

मग मोटारसायकलवाल्यांच्या ग्रुपवर विचारले, नदीला पाणी किती आहे? एकाने पुरात वाहून जाणाऱ्या ट्रकचा व्हिडिओ टाकला; त्यातल्या दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत होत्या ते मला अजून कळलेले नाही. दुसऱ्याने लिहिले, "बिनधास्त." हा गृहस्थ जूनपासून घराबाहेर पडलेला नाही. बाकी चौघांनी अंगठे वर केले. मी "स्थानिक माहिती: अनुकूल" लिहिले. टिक.

खरी माहिती एकाच ठिकाणी मिळायची. नदीच्या उतारापाशी, जिथून गाड्या-बैल पलीकडे जातात, तिथे तांड्यावरच्या एका बाईंची चहाची टपरी आहे. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, आणि तिथे थांबणारा प्रत्येक जण त्यांना याडीच म्हणतो. रविवारी सकाळी सातला मी फोन लावला.

"याडी, पाणी किती हाये?"

"गुडघ्याच्या खाली."

"नक्की?"

"माह्या गुडघ्याच्या. तू तं उंच हायेस, तुले काहीच नाही. पण बाई, तिकडं काल—"

"बस, बस, झालं. येतोच आम्ही."

रकाना भरला की मी फोन ठेवते. वेळ वाचतो.

साडेसातला निघालो. डांबर सुटल्यावर दोन्हीकडे कपाशी आणि सोयाबीन, मध्ये काळ्या मातीची वाट. ती माती टायरला अशी बसते की गाडीचे वजन दर शेताला वाढत जाते. भाऊजी अत्यंत आनंदात होते. दहाच्या सुमारास नदीवर पोचलो तेव्हा डोक्यावर कोरडे निळे आकाश. भाऊजींनी गाडी थेट उताराच्या टोकाला, पुढचे चाक पाण्यापासून दोन हातांवर ठेवून उभी केली. मी माझी वर टपरीजवळ लावली, कारण "गाडी उंचावर लावणे" हा बावीस नंबरचा मुद्दा माझाच आहे.

पाणी गुडघ्याच्या खालीच होते. मी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. शेवटचा फोटोचा रकाना सोडला तर सगळीकडे टिक.

"चला भाऊजी, निघू."

"थांबा," याडी टपरीतून म्हणाल्या. त्या खाली आल्या, हातात तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी. ती त्यांनी पाण्याच्या अगदी कडेला, ओल्या मातीत रोवली. "आधी चाय घ्या. चाय होयेपर्यंत काडी कोरडी राह्यली तं जा. पाण्यात गेली तं घरी जा."

"याडी, आपण सकाळी बोललो ना," मी यादी दाखवत म्हणाले. "गुडघ्याच्या खाली. लिहिलं हाये मी."

"ते सात वाजताचं पाणी होतं बाई. ते गेलं कवाच."

भाऊजी हसले. मला ते हसणे आवडले नाही. आम्ही चहा घेतला. अर्धा पेला झाला तेव्हा काडीभोवती पाणी आले होते. पेला रिकामा झाला तेव्हा काडीचा वरचा वीतभर भाग तेवढा दिसत होता.

भाऊजींमधला मास्तर जागा झाला. "वीतभर वाढायला पाच मिनिटं. पार व्हायला अर्धं मिनिट. म्हंजे आत्ता निघालो तं आरामात—"

"आन् वापस कोन्या गणितानं येता गुरुजी?" याडी म्हणाल्या. "काल रातभर वर वाशिमकडं, जिकडून ही नदी येते तिकडं, धो धो पडलं. तेच सांगून राह्यली होती सकाळी, तं या बाईनं फोनच ठेवून देल्ला."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. मी यादीकडे पाहिले. यादीत पाणी किती आहे हे विचारायला चार ओळी होत्या. वाढतेय की उतरतेय हे विचारायला एकही नव्हती.

"गाडी!" याडी ओरडल्या.

पाणी पुढच्या चाकाच्या आसापर्यंत चढले होते. आम्ही तिघे धावलो. भाऊजी हँडलला, मी आणि याडी मागच्या कॅरिअरला. काळी माती सोडेना. याडींनी तांड्याकडे तोंड करून त्यांच्या बोलीत काहीतरी सुनावले, आणि दोघी धडधाकट सुना पदर खोचून आल्या. त्यांनी गाडी अशी वर घेतली जणू ती बकरी होती. वर आणल्यावर स्टँड लावला, तर तो मातीत रुतत गेला आणि गाडी पुन्हा नदीकडे झुकू लागली. याडींनी इकडेतिकडे पाहिले, माझ्या हातातून यादी घेतली, दुमडली आणि स्टँडखाली सारली. गाडी ताठ उभी राहिली.

शेवटचा रकाना बाकी होता. मी फोटो काढून बहिणीला पाठवला. लगेच फोन आला.

"पाणी कोठवर गेलं?"

"पुढच्या चाकाच्या अर्ध्यावर."

"इंजिन?"

"कोरडं."

"कोनं पाह्यलं?"

"याडीनं."

"दे तिले फोन."

त्या दोघी बराच वेळ बोलल्या. याडी नुसते "हव, हव" म्हणत होत्या आणि मधूनमधून भाऊजींकडे बघत होत्या. भाऊजी निकालाच्या फळ्यासमोर उभ्या असलेल्या पोरासारखे हातात हेल्मेट धरून उभे. शेवटी याडींनी फोन परत दिला. बहीण म्हणाली, "गाडी राहू दे. पण आता तू काहीच विचारू नको. यापुढं याडीले मी फोन करीन."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती फोन लावते. पाण्याचे दोन मिनिटांत होते. मग सुनेचे बाळंतपण, म्हशीचे दूध, कपाशीवरची बोंडअळी. बहीण मध्ये बोलत नाही. मी शेजारी बसून घड्याळ पाहते आणि भाऊजी बूट घालून दारात उभे असतात. कधी ती "जा" म्हणते, कधी "बूट काढा."

यादी अजून आमच्यासोबत येते. चारपदरी घडी घालून भाऊजींनीच ती कॅरिअरला बांधून ठेवली आहे. स्टँडखाली लागते म्हणतात.