एक्क्याण्णव ताटांची पंगत

"मावशी फार प्रेमळ होत्या, मात्र त्यांना मोजता येत नसे. अधूनमधून एक ताट जास्त लागे आणि आम्ही ते हसून सोडून देत असू." आमच्या आश्रमशाळेची स्वयंपाकीण गेल्या वर्षी वारली, तिच्यावर माजी अधीक्षकांनी शाळेच्या स्मरणिकेत लिहिलेल्या लेखातली ही दोन वाक्ये. पैकी 'प्रेमळ' हा शब्द मला मान्य आहे, तोही पुरता नाही. ती चांगलीच खडूस होती. उरलेले सारे खोटे आहे. त्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षे गणित शिकवले. कोणाला मोजता येत होते आणि कोणाला नाही, हे सांगण्याचा अधिकार अधीक्षकांपेक्षा माझा अधिक आहे.

तोरणमाळचा घाट जिथे चढू लागतो, तिथे ही शाळा. मुले डोंगरातल्या पाड्यांवरची, वसतिगृहात राहणारी. कोणी घरी जाई, कोणी परत येई. त्यामुळे जेवायला रोज निराळा आकडा. मावशीचा नियम एकच: पंगतीच्या सगळ्या ओळी सारख्या हव्यात. तोकड्या ओळीत नवी, बुजरी मुले ढकलली जातात आणि वाढप तिथे सर्वांत शेवटी पोहोचते, हे तिने पाहिले होते. "कोणी उरायचं नाही," एवढेच ती म्हणे. घरी पावरी बोलणाऱ्या मावशीची मराठी कामापुरती होती. हे वाक्य मात्र ती कधी चुकली नाही.

हजेरीचा आकडा कळला की ती चिंचोक्यांची पिशवी ओट्यावर उपडी करी. आकड्याइतके चिंचोके घेऊन आधी दोन-दोनच्या ओळी मांडी, मग तीन-तीनच्या, पाच-पाचच्या, सात-सातच्या. एखादी मांडणी पुरी जमली तर ती संख्या संयुक्त, एकही जमली नाही तर मूळ. हे शब्द माझे. ती पहिलीला म्हणे 'बसतो' आणि दुसरीला 'हट्टी'. साताच्या पुढे ती जात नसे. मी शिक्षकी अधिकाराने तिला एकदा हटकले, "अकराने का बघत नाहीस?"

हात न थांबवता ती म्हणाली, "अकरा-अकराची ओळ केली, तर ओळी नऊच्या वर जात नाहीत ना, गुरुजी. ते दोनाने, तीनाने, पाचाने, साताने आधीच बघितलं."

शाळेचा आकडा शंभराच्या वर जात नसे, हे ध्यानात घ्यावे. हीच गोष्ट फळ्यावर सिद्ध करायला मला एक तास लागे आणि तरीही ती शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नसे.

हट्टी आकड्याची एकच लांब ओळ मावेल एवढी आमची पडवी नव्हती. म्हणून अशा दिवशी मावशी एक ताट वाढवी आणि त्यावर बसायला एक माणूस पकडी. मग निदान समोरासमोरच्या दोन सारख्या ओळी होत. तो माणूस बहुधा मी असे. "गुरुजी, आज तुम्ही बसा," असे ती म्हणाली की हा आपल्या विद्वत्तेचा मान आहे, असे मी जवळजवळ दोन वर्षे समजत होतो. शहाद्याकडचा आमचा शिपाई मात्र गालातल्या गालात हसत विचारी, "गुरुजी, आज तुमना नंबर लागना का?" शेवटी एका दुपारी मी जेवलो त्या दिवसांचे आकडे वहीत मांडून पाहिले. एकाहत्तर, त्र्याहत्तर, एकोणऐंशी, त्र्याऐंशी. मानाचा प्रश्न तिथेच मिटला. माझ्या जागी घाटाखाली गाडी थांबवलेला ट्रकवालाही चालला असता, आणि दोनदा चाललाही होता.

मग तपासणी आली. काही दिवशी एक ताट जास्त का, आणि ते कोणाच्या घरी जाते, असे साहेबांनी विचारले. मुलांच्या अन्नातले शिक्षकाने जेवणे नियमात बसत नव्हते, म्हणून मी गप्प राहिलो. अधीक्षकांनी तोड काढली: 'अशिक्षित असल्याने माझी मोजणीत चूक होते,' असा मावशीचा जबाब. चोरीचा आळ टळला. मोजता न येणारी बाई चुलीपाशी कशाला, म्हणून मावशीला अंगण झाडायला लावले, आणि पंगतीला पुन्हा तोकडी ओळ लागू लागली. अधीक्षकांच्या लेखात हे काही नाही. तो जबाब सुवाच्य अक्षरात मी लिहून दिला होता, हेही नाही. त्यांनी माझी भीड राखली असावी. मला आता तिची गरज नाही.

अंगठा लावण्याआधी मी तो कागद तिला वाचून दाखवला.

"म्हणजे उरायचं ते मीच का, गुरुजी?" असे म्हणून तिने अंगठा लावला.

स्मरणिका वाचून मी अधीक्षकांना फोन केला आणि हे सारे सुनावले. ते गोड आवाजात म्हणाले, "अहो, मग तुम्हीच शिकवलं असणार तिला. पडवीत तुमचा तक्ता लावलेला होता ना? तसं छापू पुढच्या वेळी."

ही लाच मी स्वीकारत नाही. तक्ता होता: एक ते शंभर आकडे आणि मूळ संख्यांभोवती माझ्या हातची लाल वर्तुळे. त्यातले एक वर्तुळ एक्क्याण्णवाभोवती होते. मी त्या आकड्याला मूळ समजत होतो, तसेच शिकवत होतो, आणि तपासणीच्या साहेबांनीही कधी हरकत घेतली नव्हती. हजेरी एक्क्याण्णव भरली त्या दिवशी मी कोणी न बोलावता हात धुऊन पडवीत जाऊन उभा राहिलो. मावशीने माझ्याकडे पाहिले, मग तक्त्याकडे पाहिले.

"आज नाही, गुरुजी," ती म्हणाली. "हा बसतो."

पडवीत सात-सात मुलांच्या तेरा ओळी बसल्या होत्या, आणि ताटे एक्क्याण्णवच होती.