विहिरीजवळची खोली

पनवेलला आमच्या चाळीत विहिरीला लागून खालची एक खोली रिकामी झाली आणि मी मालकाच्या हात धुऊन मागे लागले. मला दुसऱ्या खेपेचे दिवस गेले होते, कळशा घेऊन जिना चढताना जीव जायचा. मालक मिठागरवाला. म्हणायचा, "बगू."

वरच्या गॅलरीचा कठडा त्याने फुटक्या गलबताच्या फळ्यांचा केला होता. तो हलतो, असं मी विहिरीवर चारचौघींत त्याला सांगितलं, तर हसला. "दर्यात नाय कुजली, ती फळी हितं कुजंल?" फळी खरंच कुजली नाही. खिळे मात्र खाऱ्या पाण्याने आधीच खाल्ले होते. शेजारीण गोधडी वाळत घालायला वाकली आणि कठड्यासकट खाली गेली. मांडीचं हाड मोडलं.

तिचा भाऊ अलिबागला एका वकिलाकडे कारकून होता. तो धावत आला. मालक म्हणाला, बाईच जोर देऊन वाकली, माजा काय संबंध? भावाने विचारलं, "कठडा हलतो हे मालकांना आधी कुणी सांगितलं होतं?" सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सांगितलं होतं मी! खोटं कशाला बोलू? मग भाऊ म्हणाला, भाड्याच्या जागेतला कठडा मोडका आहे हे ठाऊक असून तसाच ठेवला, तर इजेची जबाबदारी मालकाची, कोर्टातही हेच निघेल. मालक नरमला. औषधपाणी त्याने केलं आणि तिला जिना चढवणार नाही म्हणून ती खालची खोली तिला देऊन टाकली.

माझी खोली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "अगं, पाय मोडलाय तिचा," नवरा म्हणाला. "मोडला तर मोडला! पाणी तर दारात आलं ना?" ती दारात बसून तांदूळ निवडायची आणि मी तिच्यासमोरून कळशी घेऊन वर जायचे. बघवायचं नाही मला.

माहेरी माझं कुणी उरलं नव्हतं. नववा लागला तशी ती काठी टेकत जिन्यापाशी आली आणि म्हणाली, "वहिनी, बाळंतपण माझ्या खोलीत करा. मी राहते वर." नको म्हणायची सोय नव्हती. एकेका पायरीवर बसत, मागे सरकत ती वर गेली. चाळभर तिचं कौतुक चाललं होतं. तिच्याच खाटेवर पडून मी ते ऐकत होते, आणि मेली आता चांगुलपणातही माझ्यापुढे गेली म्हणून जळत होते.