श्यू-मान वहिनींचा ओव्हन

श्यू-मान वहिनी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. बाजारात मासा घेतला की तो दुसऱ्या दुकानात नेऊन पुन्हा वजन करून पाहतात. नवरा गेल्यावर हा स्वभाव वाढला, असं माझी बायको म्हणायची. मला वाटतं तो आधीपासूनच होता, फक्त तेव्हा सगळा संशय नवऱ्याच्याच वाट्याला जायचा.

त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या भूमिदेवाने कौल दिला आणि वहिनी वर्षभराच्या मानकरी झाल्या. म्हणजे आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेचा नैवेद्य त्यांच्या घरचा. खारवलेला अंड्याचा बलक भरलेले गोल केक त्या स्वतः करणार होत्या. सून ज्या-यिंग सहज म्हणाली की दुकानातून मागवू. वहिनींनी ते मनात ठेवलं. आणि पुढच्याच आठवड्यात ओव्हन बिघडला. समोर आकडा एकशेऐंशी अंशांचा, पण केक बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे.

दुरुस्तीवाला लो आला. त्याने आत एक छोटा तापमापक ठेवला, तर तो समोरच्या आकड्याच्या कितीतरी पुढे गेला. मागच्या पत्र्यातून बोटाएवढी दांडी आत येते, तो सेन्सर. तोच चुकीचं सांगतोय म्हणून लोने तो बदलला आणि रिकामा ओव्हन तापवून दाखवला. दोन्ही आकडे जुळले. वहिनींनी तो येण्याआधीच जुन्या दांडीला नखांच्या लाल रंगाचा ठिपका लावून ठेवला होता, पुसून तीच परत बसवली तर कळावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी केक पुन्हा करपले. दांडीवर ठिपका नव्हता, म्हणजे ती नवीच होती. लोवरचा संशय उठला आणि सुनेवर जाऊन बसला. आमच्याकडे यंत्र शहाण्यासारखं चालावं म्हणून त्याच्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पुडकं ठेवतात. हिरवंच हवं, पिवळ्याने यंत्र बिनसतं. वहिनींच्या ओव्हनवर तेव्हा पिवळं होतं. दुकानातलं हिरवं संपलं, असं ज्या-यिंगने सांगितलं होतं.

वहिनींनी मला जिन्यात गाठलं. "भाऊजी, हिरवं कधी संपतं का हो?"

संपत असेल, असं मी पुटपुटलो. तेव्हापासून त्या माझ्याकडेही जरा निरखून पाहू लागल्या.

संध्याकाळी त्यांनी ओव्हनच्या दारावर शिताने कागदाची पट्टी चिकटवली. सकाळी ती फाटलेली होती. साक्षीला मला बोलावणं आलं.

"ओव्हन कोणी उघडला?"

"मी," ज्या-यिंग म्हणाली. "ह्यांना नूडल्स परतून द्यायच्या होत्या. कढई आतच असते ना."

असतेच. आमच्या स्वयंपाकघरांत हात पसरायला जागा नाही. केक नसतील तेव्हा ओव्हन म्हणजे भांड्यांचं कपाट.

"आणि कढई काढताना आणखी कशाला हात लावलास?"

"आई, एवढा संशय आहे तर तुम्हीच ठेवून दाखवा. मी बघते."

वहिनींनी कढई आत सारली. ती मोठी, लोखंडी, दाराला अडते. म्हणून नेहमीसारखी तळहाताने रेटली. आत खट्ट वाजलं. ज्या-यिंगने कढई बाहेर काढली आणि माझ्या हातात टॉर्च दिला. दांडी वाकून मागच्या पत्र्याला टेकली होती.

लोला फोन केला. तो म्हणाला, पत्रा आतल्या हवेपेक्षा थंड राहतो, त्याला टेकलेली दांडी कमीच तापमान सांगणार आणि ओव्हन तापतच जाणार. हाताने अलगद सरळ करा, आणि कढई दुसरीकडे ठेवा.

वहिनींनी दांडी बोटाने अलगद सरळ केली. मी हळूच निघणार होतो.

"कढई ठेवायची कुठे मग?" त्या म्हणाल्या.

"आमच्या पलंगाखाली," ज्या-यिंग म्हणाली.

"पुसून ठेव. चादरीला तेल लागेल."

पौर्णिमेला केकचा रंग छान आला. पण देवाला दाखवण्याआधी चाखायचं नसतं, मोडूनही बघायचं नसतं. वहिनींनी एक केक उचलला, वास घेतला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी सुनेपुढे धरला.

"आतून झाले असतील?"

"झालेत, आई."

मला वाटलं, आता विचारतील, तुला कसं कळलं. वहिनींनी ताट झाकलं आणि तिच्या हातात दिलं.

"चल. भाऊजी, दार तेवढं ओढून घ्या."